नाणेघाटाची वाट आणि शंभर ओळींचा तक्ता

रविवारी, १२ जानेवारी २०२५ ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमचा तांडा नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात पोचला. चार माणसं, नऊ बैल आणि मिठाच्या गोण्या. कोकणातून निघताना बैल अकरा होते. हे सगळं घडलं सोसायटीच्या क्लबहाऊसमधल्या एका टेबलावर, कागद, पेन्सिली आणि फाशांच्या आधाराने. पण शेजारच्या काकांनी "घ्या, उतरवली शेवटची गोण" म्हणून पाठ टेकली, तेव्हा आम्ही पाचही जण खरंच चालून आल्यासारखे दमलो होतो. या प्रवासाला सहा बैठका लागल्या, आणि तयारीला त्याआधीचे अडीच महिने.

डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, म्हणून मी चालवलेला हा पहिलाच खेळ. मला सगळ्यात जास्त धास्ती होती ती एकाच गोष्टीची: वाटेत कोण भेटणार, जनावर, माणूस की भूत, हे पर्सेंटाइल, म्हणजे १ ते १०० मधला आकडा देणाऱ्या, फाशांवर सोडायचं. नियम वाचून कळतात, पण टेबलाशी बसल्यावर काय होतं ते मराठीत सांगणारं मला कुणी भेटलं नाही. म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

हा खेळ कधीच पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एक जण जग उभं करतो, तो डीएम. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या जगात काय करणार ते तोंडी सांगतात. जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकायचे. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सची पाचवी आवृत्ती खेळतो. तिच्या मूळ नियमांचा मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतो, त्यामुळे सुरुवातीला पुस्तकांवर खर्च करायची काही गरज नाही.

दोन वर्षं आमचा डीएम माझा एक मित्र होता. मे २०२४ मध्ये त्याची बदली बंगळुरूला झाली. जाताना त्याने फासे आणि कागद झाकायला डीएमने समोर उभा करायचा पुठ्ठ्याचा स्क्रीन माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता तू चालव." मी हो म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

पहिली बैठक ठेवली २३ जूनला. खेळणारे तिघं: माझी ताई, तिचा अकरावीतला मुलगा आणि माझा ऑफिसमधला एक सहकारी. गोष्ट मी आपल्याच मातीतली घेतली. कल्याणकडून जुन्नरकडे जाणारी सातवाहनकाळची व्यापारी वाट, वर घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, आणि ज्या लेण्यात नागणिकेचा शिलालेख आहे ते लेणं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी वैशाखऱ्याकडून ही वाट चढले होते. त्या शिलालेखात यज्ञात दिलेल्या दानांचे आकडे ब्राह्मी अंकांत कोरलेले आहेत. आकड्यांवर चालणाऱ्या खेळाला याहून चांगली जागा मला सुचली नसती.

चूक केली ती तक्त्यात. डोंगराळ प्रदेशासाठी तयार मिळणारा शंभराचा एक इंग्रजी तक्ता, म्हणजे १ ते १०० आकड्यांपुढे कोण भेटणार ते लिहिलेली यादी, मी छापून घेतला आणि दिवसाच्या दर तासाला २० टक्के शक्यतेने भेट होते का ते पाहायचं ठरवलं. वीस टक्के म्हणजे पाचात एकदा, ऐकायला अगदी कमी. पण बारा तासांत बारा वेळा टाकलं, तर एकदा तरी कुणीतरी भेटण्याची शक्यता ९३ टक्के होते, आणि सरासरी अडीचच्या आसपास भेटी पडतात. त्या दिवशी चार पडल्या. गरुडाएवढे पक्षी, मग लांडगे, मग ओग्र नावाचे धिप्पाड राक्षस, मग पुन्हा लांडगे. प्रत्येक वेळी लढाई, प्रत्येक लढाईला पाऊण तास. चार तासांत तांडा घाटाच्या पायथ्याशीसुद्धा पोचला नाही. भाचा शेवटी पेन्सिलीने कागदावर रेघोट्या ओढत बसला होता. जाताना म्हणाला, "मावशी, छान होतं." तो मला बरं वाटावं म्हणून बोलतोय हे कळत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरात वेगळंच निघालं. कुणीतरी क्लबहाऊसच्या काचेतून आम्हाला पाहिलं आणि व्यवस्थापन समितीकडे तक्रार गेली की रविवारी दुपारी खोलीत फासे टाकून जुगार चालतो. वॉचमनने ३० जूनला किल्ली द्यायला नकार दिला. मला फार लागलं ते. पण भांडून काही साधणार नव्हतं. २ जुलैला रीतसर अर्ज दिला: "विषय: क्लबहाऊसची खोली महिन्यातून एका रविवारी बैठ्या खेळासाठी मिळण्याबाबत." सोबत खेळणाऱ्यांची नावं, फ्लॅट नंबर, बाहेरून येणारे किती, वेळ दुपारी ३ ते ८, आणि एक स्वतंत्र ओळ: "या खेळात पैसा, बक्षीस किंवा पैज लावली जात नाही." अर्ज १३ जुलैच्या बैठकीत यायला हवा होता; पाण्याच्या टाकीच्या खर्चावर बैठक संपली आणि तो पुढे गेला १० ऑगस्टवर.

त्या बैठकीला मी स्वतः हजर राहिले. एका सदस्यांनी महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७ चं नाव काढलं. दुसऱ्या म्हणाल्या, फासे म्हटलं की शकुनीच आठवतो. मी पिशवीतून फासे काढून टेबलावर ठेवले आणि सांगितलं की हे फक्त "आता वाटेत काय भेटलं" एवढंच ठरवतात, जिंकणारा-हरणारा कुणी नसतो. मग त्या बाईंनाच विनंती केली, "टाकून बघा." त्यांनी टाकले, ४७ आलं. मी माझ्या कच्च्या तक्त्यातली ४७ वाचली: "हिरडा गोळा करून परतणाऱ्या तीन बायका. पुढच्या ओढ्याला पाणी किती आहे ते त्यांना माहीत आहे." त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग विचारलं का त्यांना?" परवानगी १२ ऑगस्टला लेखी मिळाली. अनामत १,००० रुपये, प्रत्येक वेळी सफाईचे १५०. तुम्हालाही अशी खोली हवी असेल तर अर्जात पैशांबद्दलची ओळ आधीच घाला, आणि पोच घेतलेली प्रत जपून ठेवा. माझ्याकडून ती दोनदा मागितली गेली.

समितीमुळे गेलेले ते सहा आठवडे तक्त्याला मिळाले. पण आधी फासे.

सात फाशांचा नेहमीचा संच माझ्याकडे होता, ५४० रुपयांचा. त्यात दहा बाजूंचे दोन फासे असतात: एकावर ० ते ९, दुसऱ्यावर ००, १०, २० असे दशक. दोन्ही एकदम टाकायचे. ७० आणि ३ म्हणजे ७३. ०० आणि ७ म्हणजे ७. ०० आणि ० आलं की ते १००. इथे घोळ होतो, कारण काही जण एककाच्या फाशावरचं ० हे १० धरतात, मग ९० आणि ० मिळून १०० होतात आणि ०० आणि ० मिळून १०. दोन्ही पद्धतींत गणित चोख बसतं, प्रत्येक आकड्याला एकच टक्का मिळतो. फक्त कोणती धरायची ते खेळ सुरू होण्याआधी मोठ्याने सांगून टाका. आमच्याकडे पहिली.

पूर्वी दहा बाजूंचा फासा सर्रास मिळतही नव्हता. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आलं, तेव्हा लोक वीस बाजूंचा, ० ते ९ आकडे दोनदा कोरलेला फासा दोन वेळा टाकून टक्के काढायचे. मग १९८५ मध्ये लू झॉकी यांनी खरोखर शंभर बाजूंचा फासा बाजारात आणला. तो मला हवाच होता. एकच फासा, एकच आकडा, वाद नाही असं वाटलं. त्या घडणीचा एक फासा ३ ऑगस्टला परदेशातून मागवला, टपालासकट २,३८० रुपये.

१६ ऑगस्टला निरोप आला की पार्सल कस्टम्समध्ये आहे, केवायसी भरा. असे खोटे निरोपही येतात, म्हणून निरोपातल्या दुव्यावर न जाता कुरिअरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ट्रॅकिंग क्रमांक टाकून खात्री केली. तुम्हीही तेच करा. आधारची दोन्ही बाजूंची प्रत चढवली. २१ तारखेला ती नाकारली, कारण आधारवर जुना पत्ता होता आणि पार्सलवर नवा. मग माझ्या नावाचं विजेचं बिल जोडलं. ते २९ ला मंजूर झालं. १२ सप्टेंबरला शुल्क आणि हाताळणी धरून ९४० रुपये भरले, १९ ला फासा घरी आला. सत्तेचाळीस दिवस आणि ३,३२० रुपये. दिसायला देखणा आहे, लिंबाएवढा. पण तो जवळजवळ चेंडूच. टेबलावर थांबता थांबत नाही, आणि थांबल्यावर वरची बाजू नेमकी कोणती हे दोन माणसांना दोन वेगळं दिसतं. २२ सप्टेंबरला तीनदा टाकला, एकदा तो सतरंजीखाली गेला. तेव्हापासून तो माझ्या कपाटात आहे. दहा बाजूंच्या दोन फाशांची जास्तीची जोडी मला १८० रुपयांना मिळाली, तशी घ्या. दशकाचा फासा वेगळ्या ठळक रंगाचा घ्या. आमचा लाल आहे.

आता तक्ता. शंभरच का, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता. पाचव्या आवृत्तीच्या डीएमसाठीच्या पुस्तकात बारा आणि आठ बाजूंचे फासे मिळवून २ ते २० असा तक्ता करायची रीत दाखवली आहे. त्यात मधले आकडे जास्त पडतात आणि २ आणि २० प्रत्येकी शहाण्णवात एकदा. रीत सुंदर आहे, पण कुठल्या ओळीला किती वजन दिलंय ते नजरेला दिसत नाही. शंभराच्या तक्त्यात प्रत्येक आकड्याला सारखाच एक टक्का, त्यामुळे ओळीने जितके आकडे अडवले तितकं तिचं वजन. ताई शाळेत शेकडेवारी शिकवते. तिने माझा कागद बघितला आणि लगेच म्हणाली, "तुझ्या या जंगलात शंभरातले साठ जण मारायलाच टपलेत गं." तयार तक्त्यात मला जे महिनाभर दिसलं नव्हतं ते तिला एका नजरेत दिसलं.

त्या साठाचे कमी कसे करायचे ते शिकवलं शेजारच्या काकांनी. काका वन खात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झाले, नोकरी सगळी सह्याद्रीच्या पट्ट्यात. १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचलं. "अगं, बिबट्याला दहा टक्के दिलेस तू?"

"जास्त झाले का, काका?"

"बिबट्या दिसतो कमी, असतो जास्त."

मग ते बुद्धपौर्णिमेच्या गणनेबद्दल बोलले. उन्हाळ्यातल्या त्या पौर्णिमेला पाणवठ्याजवळ मचाण बांधून रात्रभर बसायचं आणि पाण्यावर काय येतं ते लिहायचं. त्यांनी माझ्याच कागदाच्या मागे रकाने आखून दाखवले: वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, शेरा. "यातले बहुतेक रकाने पहाटेपर्यंत रिकामेच राहतात. पण आम्ही रिकामे नसायचो. कान भरलेले असायचे." भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं की खाली काहीतरी हललंय. सांबर एकदाच 'पोंक' करतं. वानरं झाडाच्या शेंड्यावरून खकरतात आणि ज्या दिशेला बघून खकरतात तिकडे बिबट्या. सगळे आवाज एकदम थांबले तर ते सगळ्यात वाईट.

मी दोन संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून लिहीत होते. काकूंनी दोन्ही दिवस चहा आणि दडपे पोहे दिले. त्या दोन संध्याकाळी माझा तक्ता उलटापालटा झाला.

०१ ते ३० चाहूल: ठसे, झाडावरचे ओरखडे, ताजी विष्ठा, भेकराचं भुंकणं. प्रत्यक्ष समोर कुणी नाही, पण कोण आसपास आहे ते ऐकणाऱ्याला कळेल. ३१ ते ५५ माणसं: उतरणीला लागलेला दुसरा तांडा, धनगर, हिरडा गोळा करणाऱ्या बायका, वाट चुकलेला भिक्खू, आणि यातले चारच आकडे लुटारूंचे. ५६ ते ७५ जनावरं. ७६ ते ९० भुतंखेतं: चकवा, मुंजा, हडळ, झोटिंग, समंध. ९१ ते ९७ घाटच: धुकं, दरड, आटलेलं टाकं. ९८ आणि ९९ वेताळाची पालखी. १०० बद्दल शेवटी.

प्रत्येक ओळीत मी तीन गोष्टी लिहायचं ठरवलं. कोण आहे, आत्ता काय करतंय, आणि त्याला काय हवंय. उदाहरणार्थ ६१: "रानडुकरीण आणि चार पिल्लं. वाटेच्या कडेला कंद उकरतेय. माणसं लांबून गेली तर तिला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही." नुसतं "रानडुक्कर" लिहिलं असतं तर मी टेबलाशी घाबरून ते सरळ अंगावर सोडलं असतं. शंभर आकड्यांना शंभर ओळी लागत नाहीत. माझ्या त्रेचाळीस झाल्या. शीर्षकात शंभर लिहिलंय ते आम्ही त्याला तसंच म्हणतो म्हणून. दिवसाला रात्रीसकट चारच वेळा फासे: सकाळ, दुपार, संध्याकाळ प्रत्येकी १५ टक्के, रात्री २५. आकडा तेवढा किंवा त्याहून कमी आला तर भेट, मग कोण भेटलं ते पाहायला तक्त्यासाठी पुन्हा टाकायचं. म्हणजे चोवीस तासांत एकदा तरी काही भेटण्याची शक्यता ५४ टक्के. निम्म्याहून थोडी जास्त.

आणखी दोन जुन्या सवयी मी उचलल्या. एक, भेट झाली की आधी अंतर ठरवायचं: सहा बाजूंचे दोन फासे, बेरीज गुणिले दहा पावलं. दुसरी, समोरच्याची वृत्ती. १९८१ च्या बेसिक नियमपुस्तकात यासाठी तक्ता आहे: दोन फाशांची बेरीज २ आली तर लगेच हल्ला, १२ आली तर मैत्री, आणि मधले ६ ते ८ म्हणजे समोरचाही बिचकलेला. आजकाल हे फारसं कुणी वापरत नाही. माझ्या मते ते सोडून दिल्यामुळेच भेट म्हणजे लढाई असं समीकरण होऊन बसलं आहे.

२५ ऑगस्टला नव्याने सुरुवात केली. काका आता चौथे खेळाडू होते, त्यांनी वाटाड्याचं पात्र घेतलं. सकाळ: ६६, काही नाही. दुपार: ८१, काही नाही. संध्याकाळ: ४०, काही नाही. मला घाम फुटला. तासभर झाला होता आणि घाटात काहीच घडत नव्हतं. रात्री १९ आलं, म्हणजे भेट. तक्त्यावर १२: भेकराचं भुंकणं, खालच्या अंगाला, थांबून थांबून. काकांनी नुसता हात वर केला आणि म्हणाले, "थांबा. शेकोटी विझवा." पुढची चाळीस मिनिटं चौघं कुजबुजत बोलत होते. बैल आत घ्यायचे की बाहेर, जागं कोण राहणार, वारा कुठून आहे. समोर कुणीच आलं नाही. भाच्याने त्या दिवशी कागदावर एकही रेघ ओढली नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात क्लबहाऊस गणपतीचं होतं, म्हणून पुढची बैठक २२ ला. त्या दिवशी मी जे केलं ते सांगायला हवं. रात्रीच्या फाशांवर भेट निघाली आणि तक्त्यावर ९८ आलं. वेताळाची पालखी. मी स्क्रीनच्या मागे टाकत होते, कुणाला दिसत नव्हतं. पहिल्या पातळीची चार पात्रं, दुसऱ्याच रात्री सगळी मरतील या भीतीने मी म्हटलं, "चाहूल. कुठेतरी फांदी मोडली."

भाचा माझ्या उजव्या हाताला बसला होता. त्याने हळूच विचारलं, "मावशी, लाल फाशावर नव्वद होतं ना?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. मी हो म्हटलं. खोटं बोलले, कारण तुम्ही मराल अशी भीती वाटली, असंही सांगितलं. ताई म्हणाली, "मग आम्ही कशाला जपून चाललोय?" तिचं खरं होतं. मी स्क्रीन घडी करून पिशवीत ठेवला आणि ९८ वाचून दाखवलं. अंतर टाकलं: अकरा, म्हणजे एकशे दहा पावलं. वृत्ती: ७. पालखीला यांच्याशी काही वैर नव्हतं. चौघांनी बैलांच्या गळ्यातल्या घंटांमध्ये गवत कोंबलं, गोण्यांच्या मागे पालथे झाले, आणि समोरच्या धारेवरून मशालींची रांग जाताना पाहिली. मी मशाली एकेक करून मोजल्या, मोठ्याने. एकोणीस. कुणी मेलं नाही. त्या दिवसापासून सगळे फासे उघड्यावर, आणि टाकणारा बहुतेक वेळा भाचाच. नवीन डीएमला माझं कळकळीचं सांगणं एवढंच: जी ओळ पडली तर तुम्हाला झेपणार नाही ती तक्त्यात घालू नका, आणि घातली तर पडल्यावर बदलू नका.

२० ऑक्टोबरची बैठक मला जन्मभर आठवेल. दुपारी ८३ आलं. मुंजा. ओळ अशी होती: "पिंपळाखाली आठ-नऊ वर्षांचा मुलगा, गळ्यात जानवं, डोक्याला शेंडी. सावली नाही. वाटसरूंना खडे मारतोय. त्याला इथून जायचंय आणि जाता येत नाही." अंतर तीस पावलं, वृत्ती ९, म्हणजे हल्ला नाही. सहकाऱ्याने सवयीने तलवारीचं नाव काढलं. ताईने त्याला थांबवलं. म्हणाली, "अरे, मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आधी गेला, म्हणून अडकलाय तो. त्याची सोडमुंज करूया."

माझ्या तक्त्यात हे नव्हतं. मी नुसती बघत राहिले. ताईने घोंगडीची छत्री केली, काकांच्या वाटाड्याने आपल्या वहाणा काढून पोरापुढे ठेवल्या, हातात काठी दिली. मुंजा काशीला निघाला. आता त्याला मागे बोलवायला मामा हवा. सगळ्यांनी सहकाऱ्याकडे पाहिलं. तो दोन वर्षं आमच्यात खेळतोय, कायम दोन वाक्यांत आपली पाळी संपवणारा माणूस. तो खुर्चीतून उठला, दोन पावलं पुढे आला आणि म्हणाला, "बाळा, काशी लांब आहे. उन्हाचा जाऊ नकोस. घरी चल, मामा आलाय तुझा." त्याचा आवाज बसला होता. मी मुंजाच्या वतीने काही बोलू शकले नाही. थोड्या वेळाने एवढंच म्हटलं, की पिंपळाखाली आता वहाणा आहेत आणि पोरगा नाही. काकांचा वाटाड्या पुढची पूर्ण बैठक अनवाणी चालला, आणि ते त्यांनी स्वतःहून कागदावर लिहून ठेवलं.

नंतरच्या दोन बैठकांतलं थोडक्यात. १७ नोव्हेंबरला ६१ लागोपाठ दोनदा आलं. असं झालं की पुन्हा टाकू नका, तीच डुकरीण परत आणा. पिल्लं आता तीनच होती. चौथं कुठे गेलं ते शोधायला भाचा मागे गेला आणि त्याला बिबट्याचे ठसे मिळाले. १५ डिसेंबरला दरडीत एक बैल गेला आणि दुसरा चौघांनी लुटारूंना देऊन टाकला, रक्त सांडण्यापेक्षा. मला आधी वाटलं होतं की हे हार मानतायत. पण हिशेब त्यांचा बरोबर होता. प्रत्येक भेटीनंतर तिच्या आकड्यापुढे मी पेन्सिलीने तारीख लिहीत गेले, आणि जी ओळ संपली, जसा मुंजा, तिथे नवी ओळ लिहिली: "८३: रिकामा पिंपळ. बुंध्याशी वहाणांचा जोड. कुणीतरी फुलं वाहिली आहेत."

एकूण खर्च, तो शंभर बाजूंचा फासा सोडून, सहा बैठकांचे ९०० रुपये सफाई, फासे ७२०, छपाई आणि कागद साधारण दीडशे. अनामतीचे १,००० समितीकडेच आहेत, कारण पुढच्या वर्षासाठी अर्ज मी ६ जानेवारीलाच देऊन आलेय. यावेळी तो पहिल्याच बैठकीत मंजूर झाला. शकुनीचं नाव काढणाऱ्या बाईंनी विचारलंय, बघायला आलं तर चालेल का. मी म्हटलं, खेळायलाच या.

तक्त्यावर अजून निम्म्याहून जास्त ओळी कोऱ्या आहेत, एकदाही न पडलेल्या. त्यातली एक १०० ची. एका टक्क्याची गोष्ट निम्म्या खात्रीने पडायची तर एकोणसत्तर वेळा फासे टाकावे लागतात, आणि तक्त्यावर आमचे जेमतेम चौदा झालेत. जुन्नरला पोचल्यावर, बैल बांधून झाल्यावर, भाच्याने विचारलं, "मावशी, आता संपलं ना. शंभरवर काय होतं ते तरी सांग."

मी कागद घडी करून फाशांच्या पिशवीत घातला. ९ फेब्रुवारीला तांडा परत खाली उतरायला लागणार आहे, त्याच वाटेने.